पहिलीचा प्रवेश: आधी जन्मदाखला उघडा

शाळा कोणती ते नंतर बघा. आधी कपाट उघडा, मुलाचा जन्मदाखला काढा आणि त्यावर मुलाचं नाव आहे का ते वाचा. आई-वडिलांचं नव्हे, मुलाचं. थोरलीच्या वेळी मी दाखला फाईलला लावून निर्धास्त होते. जूनमध्ये गुरुजींनी बोट ठेवून दाखवलं: नावाच्या रकान्यात नुसती रेघ. पहिलं बाळंतपण माहेरी, कराडला. दवाखान्यातून नोंद लगेच गेली, बारसं नंतर झालं आणि नाव घालायला आमच्यातलं कुणी परत गेलंच नाही. आपल्याकडे पहिलटकरीण माहेरीच जाते, त्यामुळे हे घरोघरी असणार.

नाव नंतर घालता येतं. पहिल्या वर्षात फुकट, पुढे 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. पण जिथे जन्माची नोंद आहे त्याच नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत. म्हणून मार्चच्या आत उरका.

मग आधार. दोन्हीवर नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं. ऱ्हस्व-दीर्घसुद्धा! आमच्या आधारवर 'शार्वरी', आम्ही तोंडी सांगितलं 'शर्वरी'. दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश अडवू शकत नाही, 2009 चा शिक्षण हक्क कायदाच तसा आहे, त्यामुळे प्रवेश झाला. पण जनरल रजिस्टरला शाईने चढलेलं नाव बदलायला मुख्याध्यापकांनाही वरची परवानगी लागते. वर्षभर हेलपाटे घातले.

त्याच रजिस्टरात जात आणि जन्मगावही चढतं. वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जात जशी आहे तशीच सांगा. पुढे जातपडताळणीला हीच नोंद काढतात. घाईत 'लिहा काहीही' म्हणू नका, हात जोडून सांगते.

वय: प्रवेशाच्या वर्षीच्या 31 डिसेंबरला सहा पूर्ण. झालं.

आता शाळा. पाटी बघून ठरवू नका, जाऊन बघा, तेही मधल्या सुट्टीच्या आधी अर्धा तास. पट किती, शिक्षक किती ते विचारा. कायद्यानं 60 मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात, म्हणजे एका गुरुजींकडे दोन-दोन वर्ग. ते वाईटच असं नाही. आमच्याकडे पहिलीची पोरं जमिनीवर खडूनं अक्षरं गिरवत होती आणि तिसरीतली एक मुलगी त्यांच्यात बसून चुका दाखवत होती. मला ती शाळा तिथेच पटली. मुलींच्या स्वच्छतागृहात नळ सोडून बघा. खिचडी शिजते तिथे डोकवा. सेमी आहे म्हणतात तर गणित इंग्रजीतून कोण शिकवतं ते विचारा. शाळा चौथीपर्यंतच असेल तर पाचवीला कुठे, आणि पावसाळ्यात पोर तिथे पोचेल कसं? पाटण-जावळीच्या वाड्यांवरच्या आयांना हे सांगायला नको.

एखाद्या आईशी फाटकाबाहेर बोला. व्यवस्थापन समितीत निम्म्याहून जास्त पालक असतात, त्यांतलं कुणी भेटलं तर उत्तम.

जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रवेशाला पैसे नाहीत. चाचणी नाही. पुस्तकं शाळेतून मिळतात. फोटो, रहिवासी पुरावा, अंगणवाडीताईंकडची नोंद घ्या. झेरॉक्स दोन-दोन.

आणि घरातून निघताना पिशवीतला जन्मदाखला पुन्हा बाहेर काढा, आधार शेजारी धरा आणि नाव मोठ्यानं वाचा.