केळीचा चिक, बोअरचं पाणी, मे महिन्याचं ऊन: कपड्यांच्या बाबतीत या चुका टाळा

रावेर-यावलकडे केळीच्या बागेत राबणाऱ्या माणसाचे कपडे लांबूनच ओळखू येतात. शर्टावर तपकिरी-काळे ओघळ, कधीच न जाणारे. त्यांची पंचाईत नसते, कारण चिकाचे कपडे वेगळेच ठेवलेले असतात. पंचाईत होते ती मळा बघायला आलेल्या पाहुण्यांची. हौसेने घडाला हात लावतात, नव्या कुर्त्यावर पाण्यासारखे दोन थेंब पडतात आणि "असू दे, वाळेल" म्हणून सोडून देतात.

ताजा चिक दिसत नाही, खरी गोम तिथेच आहे. हवा लागली की त्यातली टॅनिनसारखी द्रव्यं काळवंडतात. एकदा डाग मुरला की ड्रायक्लीनवालाही "गॅरंटी नाही" म्हणूनच कपडा ठेवून घेतो. तेव्हा मळ्यातल्या हौदावरच तेवढा भाग गार पाण्याने खळखळून धुवा, घरी येईपर्यंत थांबू नका. जुन्या डागावर ब्लीच ओतायचा मोह तर आवराच. रंगीत कपड्यावर डाग राहतो तो राहतोच, वर भोवती पांढरा चट्टा पडतो.

पाणी जड, म्हणून पावडर जास्त?

आपल्याकडे कितीतरी घरांत धुणं बोअरच्या पाण्यावर चालतं. बादलीच्या आत पांढरा थर धरलेला दिसला की समजावं, पाणी जड आहे. त्यातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतो, फेस होऊ देत नाही, आणि त्याचा न विरघळणारा चिकट साका कापडात बसतो. पांढरे शर्ट राखाडी दिसायला लागतात, टॉवेल वाळून पापडासारखे होतात. फेस येत नाही म्हणून आपण आणखी पावडर टाकतो, ती नीट निघत नाही, आणि कपडे अजूनच मळकट दिसतात.

त्यावर उपाय साधे आहेत. जड पाण्यात साबणाच्या वडीपेक्षा डिटर्जंट बरं. सुती पांढऱ्या कपड्यांसाठी आधी पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवा, मग पावडर टाका. रेशीम आणि लोकरीला मात्र सोडा लावायचा नाही. शेवटच्या पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घातलं तर साका सुटतो आणि टॉवेल मऊ राहतात. फक्त ब्लीच वापरलेल्या पाण्यात व्हिनेगर कधीच नको, त्यातून विषारी वायू निघतो. आणि सगळ्यात सोपं म्हणजे, नळाचं पाणी आलं त्या दिवशी पांढरे कपडे काढा, रंगीत कपडे बोअरवर चालतात.

नीळ हा धुण्याला पर्याय नाही. आजोबांचं धोतर-टोपी राखाडी पडलंय म्हणून निळीचे थेंब वाढवले तर ते निळसर राखाडी होतं, एवढंच. आधी साका काढा. मग नीळ वेगळ्या तांब्यात विरघळवून बादलीत घाला. थेट कपड्यावर थेंब पडला तर ठिपके उठतात.

हळद लाल झाली की घाबरू नका

हळदीचा कार्यक्रम असो की भरीत पार्टी, शेवभाजीची तर्री सांडल्याशिवाय पंगत उठत नाही. साबण लावला की पिवळा डाग एकदम लालभडक होतो, आणि बघणारा घाबरून ब्रश घेऊन सुटतो. साबण अल्कधर्मी असतो, त्यात हळदीचा रंग लाल दिसतो आणि पुष्कळ पाण्याने धुतला की परत पिवळा होतो. डाग वाढलेला नसतो. घासण्याने धागा मात्र फुलतो.

क्रम असा ठेवा: आधी टाल्कम पावडर किंवा ज्वारीचं पीठ भुरभुरून तेल ओढून घ्या, झटका, मग भांडी घासायचं लिक्विड बोटाने चोळून धुवा. उरलेल्या पिवळेपणासाठी कपडा ओला असतानाच कडक उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हात विरतो, आणि ऊन आपल्याकडे काही कमी नाही.

एवढं एक काम सोडलं, तर तेच ऊन कपड्यांचा वैरी. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 च्या आसपास असताना गच्चीवर दिवसभर लटकलेला गडद कुर्ता काही धुण्यांतच विटतो. रंगीत कपडे उलटे करून सावलीत वाळत घाला, वाळले की लगेच काढा. गंजलेली तार असेल तर बदला. गंजाच्या डागावर ब्लीच टाकलं की तो पक्का होतो. त्यापेक्षा लिंबू-मीठ लावून थोडा वेळ उन्हात ठेवा आणि नीट धुवा.

रंग जाऊ नये म्हणून नवा कपडा मिठाच्या पाण्यात भिजवायची पद्धत अजून चालू आहे. रंगवताना मिठाचा उपयोग होतो, नंतर नाही. पहिली दोन-तीन धुणी वेगळी धुवा, बस.

उन्हात घालायचे, आरशात बघायचे

कापूस पिकवणाऱ्या मुलखात भर उन्हात पॉलिस्टरचा ड्रेस घालून फिरायचं म्हणजे कमालच. दुकान एसी असतं, तिथे जॉर्जेट सुळसुळीत वाटतं. बस स्टँडवर उभं राहिलं की तेच पाठीला चिकटतं. चिकटलेला कपडा कुणालाच शोभत नाही, मग बांधा कसाही असो.

जाडी लपवायला ढगळ कपडे घेणं ही दुसरी चूक. ढगळ म्हणजे सैल नव्हे. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर बसली तर बाकी कपडा सैल असूनही माणूस नीटस दिसतो. ती दंडावर घसरली की शर्ट भावाचा वाटतो. कुर्त्याचा घेर मांडीच्या सगळ्यात रुंद भागावर संपत असेल तर नजर तिथेच जाते, उंची दोन इंच वर-खाली करून आरशात बघा. स्कूटीवर सनकोट घालून जाणाऱ्यांनी कडक इस्त्रीच्या कॉटनचा हट्ट सोडावा, पोचेपर्यंत त्याचा चुरगळा होतोच. मलमल किंवा क्रशचं कापड जास्त निभावतं.

सुती कापड टेलरकडे टाकण्याआधी पाण्यातून काढा. हे न केल्यामुळे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शिवलेला कुर्ता पहिल्याच धुण्यात आखूड होतो आणि बोल टेलरला बसतो.

आणि श्रावणात कानबाईच्या सणाला नेसलेली जरीची साडी घामासकट घडी घालून कपाटात ठेवू नका. रात्रभर सावलीत पसरा, मग मलमलच्या कापडात गुंडाळा. प्लास्टिकची पिशवी नको, जरीला चिकटून डांबराच्या गोळ्याही नकोत. सेंट साडीवर नाही, अंगावर मारावा, तोही नेसण्याआधी. दोन-तीन महिन्यांनी घडी बदलत राहा, नाहीतर जरीची तार त्याच रेषेवर तुटते.