वेटेरिखचं समीकरण घरच्या लॅपटॉपवर

१९९३ सालचं वेटेरिखचं समीकरण (मोजायची स्केल बदलली की भौतिक प्रणालीचं वर्णन कसं बदलतं, ते सांगणारं) दिसायला एका ओळीचं, पण ते तसंच्या तसं सुटत नाही. म्हणून आधी हात आखडायचा: फक्त पोटेन्शियल (क्षेत्राची स्थितिज ऊर्जा) वाहू द्यायचं, म्हणजे स्केलनुसार बदलू द्यायचं, बाकी सगळं गोठवायचं. रेग्युलेटर (चढउतार टप्प्याटप्प्याने हिशेबात घेणारं फलन) लिटिमचा घ्या, इंटिग्रल हातानेच सुटतो.

तीन मितींत, स्केल बदलून स्थिरबिंदूचं (जिथे पोटेन्शियल बदलायचं थांबतं) समीकरण असं उरतं (यू म्हणजे पोटेन्शियल, फाय म्हणजे क्षेत्र, प्राइम म्हणजे फायनुसार अवकलन): तीन यू वजा अर्धा फाय गुणिले यू-प्राइम बरोबर एक भागिले (एक अधिक यू-डबलप्राइम). सममितीमुळे शून्यापाशी उतार शून्य. म्हणजे निवडायचा आकडा एकच, शून्यापाशीचा यू-डबलप्राइम.

आता नेम धरा. –०.१ घेऊन फाय वाढवत जा; उत्तर मध्येच फुटतं, म्हणजे अनंताकडे पळतं. –०.२ घेतलं तरी फुटतं. जिथे ते सर्वांत लांब तग धरतं तो आकडा शोधायचा. तो –०.१८६ च्या आसपास सापडतो, तेव्हा शून्यापाशी यू ०.४०९५. पुढे यू फायच्या सहाव्या घातासारखं वाढायला हवं, ते तपासा.

माझं एकदा चिन्ह चुकलं होतं. बोरिवली ते चर्चगेट, मांडीवर लॅपटॉप, आणि प्रत्येक आकडा फुटतोय! दादरला बाजूच्या काकांनी विचारलं, "शेअर मार्केट का?" मी हो म्हटलं. समजावणार काय, तेही त्या गर्दीत!

स्थिरबिंदू मिळाला की त्याभोवती समीकरण रेषीय करा. धन आयगेनव्हॅल्यूंपैकी (छोटा बदल किती वेगाने वाढतो ते सांगणारे आकडे) स्थिरांकाची ३ सोडून द्या. उरलेल्या सम (फायचं चिन्ह बदललं तरी तसाच राहणाऱ्या बदलाच्या) आयगेनव्हॅल्यूचा व्यस्त म्हणजे न्यू (संक्रमणबिंदूजवळ सहसंबंधाचं अंतर किती झपाट्याने वाढतं तो घातांक), सुमारे ०.६५. तीन मितींतल्या आयझिंग मॉडेलचा (चुंबकाचं साधं मॉडेल) खरा आकडा ०.६३. इतक्या आखडत्या हाताने एवढं जवळ!