हनुवटीवरचे हट्टी मुरुम आणि औषधं: या चुका टाळा

औषध सुरू करून पाच आठवडे झालेले असतात. पाळी चार दिवसांवर आलेली असते आणि हनुवटीवर दुखऱ्या अशा तीन नव्या गाठी उठतात. ‘काही उपयोग नाही’ म्हणत गोळ्यांचं पाकीट कपाटात जातं. हार्मोनल मुरुमांचे उपचार बहुतेक वेळा असेच फसतात. औषध बरोबर असतं, डोसही बरोबर असतो, हिशेब मात्र दिवसांत केलेला असतो. हा आजार पाळीच्या तालावर चालतो, त्यामुळे त्याचा हिशेबही पाळ्यांमध्येच करायला हवा.

पाचव्या आठवड्यात निकाल लावणं

आज दिसणाऱ्या पुटकुळीची सुरुवात काही आठवड्यांपूर्वीच त्वचेच्या आत झालेली असते. छिद्राच्या तोंडाशी पेशींचा बारीक बुच बसतो, मागे तेल साचतं आणि मग सूज येते. अँड्रोजेन (स्त्रियांमध्येही थोड्या प्रमाणात असणारे टेस्टोस्टेरॉनसारखे ‘पुरुषी’ हार्मोन) रोखणारी औषधं तैलग्रंथीला येणारा हुकूम कमी करतात, पण आधीच बसलेले बुच त्यांच्याने निघत नाहीत. ते आपापल्या वेळेने वर येणारच.

हे आकड्यांतही दिसतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये ४१० स्त्रियांवर झालेला स्पायरोनोलॅक्टोन या अँड्रोजेन रोखणाऱ्या गोळीचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. बाराव्या आठवड्यात ‘मुरुम कमी झाले’ असं सांगणाऱ्या स्त्रिया औषधाच्या गटात ७२ टक्के होत्या आणि नुसत्या दिखाऊ गोळीच्या गटात ६८ टक्के. म्हणजे फरक नसल्यातच जमा. चोविसाव्या आठवड्यात हेच आकडे ८२ आणि ६३ झाले. तिसऱ्या महिन्यात औषध सोडणारी बाई फायदा सुरू व्हायच्या वेळेलाच बाहेर पडते.

यावर साधा उपाय आहे. दर महिन्याला पाळीच्या एकाच दिवशी, समजा सातव्या दिवशी, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी तीन फोटो काढा: समोरून, डावीकडून, उजवीकडून. फिल्टर नको. गेल्या सातव्या दिवसाची तुलना या सातव्या दिवसाशी करा. पाळीआधीचा चेहरा पाळीनंतरच्या चेहऱ्याशी ताडून पाहिला, तर औषध न घेताही चढउतार दिसणारच. शेजारी एक आकडा लिहा: या महिन्यात दुखणाऱ्या गाठी किती आल्या? डाग त्यात धरू नका. लाल-तपकिरी डाग मुरुम बसल्यावरही कित्येक महिने राहतात, आणि ‘चेहरा तसाच आहे’ या तक्रारीत पुष्कळदा नवा मुरुम एकही नसतो, सगळे जुने डाग असतात.

प्रत्येक मुरुम हार्मोनल धरणं

जबड्याच्या कडेला, हनुवटीवर किंवा मानेवर खोल आणि दाबलं की दुखणाऱ्या गाठी, पाळीच्या आधीच्या आठवड्यात वाढणाऱ्या, पंचविशीनंतरही न थांबलेल्या: असं चित्र असेल तर शंका रास्त आहे. कपाळावर आणि पाठीवर एकाच आकाराचे, खाजणारे बारीक पुरळ असतील, तर ते बुरशीमुळे केसांच्या मुळांशी आलेले असू शकतात. त्यावर अँटिबायोटिक घेतलं तर उलट वाढतात. नाक आणि गालांवर सतत लाली, गरम काही प्यायल्यावर चेहरा तापणं, आणि काळे-पांढरे खिळे अजिबात नाहीत, हा प्रकार रोझेशिया या वेगळ्या त्वचारोगाचा असू शकतो.

औषधांमुळेही मुरुम येतात. स्टेरॉइडच्या गोळ्या, लिथियम, फेनिटॉइन, आयसोनियाझिड, बी-१२ चे मोठे डोस अशी यादी आहे. गोरेपणाच्या नावाखाली लावल्या जाणाऱ्या मिश्र मलमांत स्टेरॉइड असेल, तर पहिले पंधरा दिवस चेहरा सुंदर दिसतो आणि मग बंद करताच उसळतो. डॉक्टरांकडे जाताना चेहऱ्याला लावायची आणि पोटात घ्यायची सगळी पाकिटं, डब्या, ट्यूब पिशवीत घालून न्या. नावं आठवून सांगण्यात निम्मी राहून जातात.

रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून हार्मोनचा संबंध नाही असं मानणं

अशा मुरुमांच्या पुष्कळ स्त्रियांचं टेस्टोस्टेरॉन नॉर्मलच असतं. तैलग्रंथीच साध्या प्रमाणाला जास्त प्रतिसाद देते. त्यामुळे नुसत्या मुरुमांसाठी सरसकट हार्मोन तपासायची गरज नसते. पाळी अनियमित असेल, ओठांवर-हनुवटीवर जाड केस येत असतील, डोक्यावरचे विरळ होत असतील, तर मात्र तपासावं. पीसीओएस (अंडाशय आणि हार्मोनचा एक बिघाड) असेल तर नुसत्या त्वचेवर उपचार करून भागत नाही.

इथली खास चूक म्हणजे गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना रक्त देणं. या गोळ्या अँड्रोजेनचं मोजमाप खाली आणतात, मग रिपोर्ट निर्मळ येतो आणि प्रश्न दडून राहतो. गोळ्या किती दिवस थांबवून रक्त द्यायचं हे डॉक्टर सांगतील, स्वतः बंद करू नका. पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात सकाळी रक्त दिलं, तर अर्थ लावणं सोपं जातं. काही महिन्यांतच आवाज घोगरा झाला किंवा केस झपाट्याने वाढले, तर मात्र पाळीची वाट पाहू नका, लगेच दाखवा. अंडाशयातल्या किंवा किडनीवरच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथीतल्या गाठीचं ते लक्षण असू शकतं.

स्पायरोनोलॅक्टोन: चुका सगळ्यात जास्त इथेच

हे मूळचं रक्तदाबाचं, लघवी वाढवणारं औषध. अँड्रोजेनची जागा अडवण्याचा त्याचा गुण मुरुमांत कामी येतो. नेहमीची सुरुवात रोज २५ किंवा ५० मिलिग्रॅम, मग काही आठवड्यांनी १००. कधी डॉक्टर १५० पर्यंतही नेतात. पहिल्याच दिवशी १०० घेतलं की चक्कर, डोकं दुखणं, स्तन जड आणि हुळहुळे वाटणं, दोन पाळ्यांच्या मध्येच रक्तस्राव होणं या सगळ्या तक्रारी एकदम येतात आणि औषध बदनाम होतं.

रात्री झोपताना गोळी घेणं ही छोटी पण त्रासदायक चूक. लघवीसाठी दोनदा उठावं लागतं. सकाळी, पोटात काही असताना घ्या, शोषणही चांगलं होतं. चक्कर येत असेल तर पलंगावरून उठताना आधी मिनिटभर बसा, मग उभ्या राहा. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

या औषधाने रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, आणि त्याबद्दल दोन टोकं दिसतात. तरुण, धडधाकट, इतर औषधं न घेणाऱ्या बाईला दर महिन्याला रक्त तपासायला लावणं अनावश्यक आहे. पण वय पंचेचाळीसच्या पुढे असेल, किडनी किंवा हृदयाचा आजार असेल, रामिप्रिल किंवा टेलमिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल, तर तपासणी टाळून चालत नाही. फसवं असतं ते मधेच येणारं औषध. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी मिळणाऱ्या ट्रायमेथोप्रिम असलेल्या गोळ्या (को-ट्रायमोक्साझोल त्यातलीच) पोटॅशियम चढवतात, आणि ते लिहून देणाऱ्याला तुमच्या स्पायरोनोलॅक्टोनची कल्पना नसते. हे वाक्य पाठ करा: ‘मी स्पायरोनोलॅक्टोन घेते.’ बीपीसाठी विकलं जाणारं कमी सोडियमचं मीठसुद्धा टाळा, त्यात सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियमच असतं.

पाळी पुढे-मागे झाली तर घाबरून सोडू नका. डोस कमी करून किंवा सोबत गर्भनिरोधक गोळी देऊन ते सावरता येतं. पण पाळी चुकली की ‘औषधामुळेच असेल’ असं गृहीत धरू नका. आधी गर्भधारणेची चाचणी करा. गर्भ मुलाचा असल्यास त्याच्या जननेंद्रियांच्या वाढीत हे औषध अडथळा आणू शकतं, म्हणून त्यावर असताना भरवशाचं गर्भनिरोधक हवंच.

कोणतीही गर्भनिरोधक गोळी चालेल असं समजणं

मुरुमांवर काम करते ती संयुक्त गोळी, म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन दोन्ही असलेली. तिच्यामुळे यकृतात टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन वाढतं आणि मोकळं टेस्टोस्टेरॉन घटतं. फक्त प्रोजेस्टिनच्या गोळ्या, इंजेक्शन, दंडात बसवायची कांडी, हार्मोनची कॉपर-टीसारखी साधनं यांत हा गुण नसतो. काहींचे मुरुम त्यांनी वाढतातही. ‘गोळी बदलल्यापासून चेहरा बिघडला’ अशी तक्रार असेल, तर जुनं आणि नवं पाकीट शेजारी ठेवून दोन्हींतले घटक पाहा. इस्ट्रोजेन कुठल्या पाकिटातून गायब झालंय ते लगेच कळेल.

मैत्रिणीला लागू पडली म्हणून तीच गोळी दुकानातून आणणं मात्र धोक्याचं आहे. डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येऊन मग डोकं दुखणारा मायग्रेन, पस्तिशीनंतर धूम्रपान, पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी, आटोक्यात नसलेला रक्तदाब, स्तनाचा कर्करोग, नुकतंच बाळंतपण: यांपैकी काहीही असेल तर संयुक्त गोळी नको. सुरू करण्याआधी रक्तदाब मोजलाच पाहिजे. गोळी चालू असताना एकाच पोटरीत दुखणं आणि सूज, अचानक धाप, छातीत कळ, बोलणं अडखळणं असं झालं तर थेट इस्पितळ गाठा.

वेळेचा हिशेब इथेही तोच. अँटिबायोटिक आणि या गोळ्यांची तुलना केली, तर तीन महिन्यांनी अँटिबायोटिक पुढे असतं, सहा महिन्यांनी दोघं बरोबरीला येतात. जोडीला क्षयरोगाचं रिफाम्पिसिन किंवा फिटची काही औषधं असतील, तर गर्भनिरोधाचा परिणाम घटतो. मुरुमांसाठी दिल्या जाणाऱ्या डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकने तो घटत नाही, ही भीती उगाच पसरलेली आहे.

अँटिबायोटिकवर वर्ष काढणं

डॉक्सिसायक्लिन सूज उतरवतं, हार्मोनला हात लावत नाही. तीन-चार महिन्यांच्या वर ते ओढायचं नसतं. सोबत बेन्झॉइल पेरॉक्साइड हे जंतू मारणारं मलम हवं, नाहीतर जंतू औषधाला सरावतात. गोळी मोठ्या ग्लासभर पाण्याबरोबर घ्या आणि अर्धा तास आडव्या होऊ नका. घोटभर पाण्याने घेऊन झोपलं की गोळी अन्ननलिकेत चिकटते आणि तिथे जखम होते. गिळताना छातीत टोचायला लागलं तर कारण बहुधा हेच. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यासोबत नकोत.

मलम फक्त पुटकुळीवर टेकवणं

पोटातलं औषध चालू असलं तरी छिद्रांतले बुच काढायला अडापलीन किंवा ट्रेटिनॉइनचं मलम लागतंच. ते दिसणाऱ्या मुरुमावर लावून उपयोग नाही, मुरुम यायच्या जागेवर लावायचं असतं. रात्री चेहरा धुवा, टिपून कोरडा करा, १५-२० मिनिटं थांबा. वाटाण्याएवढं मलम बोटावर घ्या. कपाळ, दोन गाल आणि हनुवटीवर एकेक ठिपका देऊन पातळ पसरवा. नाकपुड्यांच्या कडा, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांभोवती नको. तिथे मलम गोळा होतं आणि सोलवटतं. पहिले दोन आठवडे दर तिसऱ्या रात्री, मग एक दिवसाआड, सोसलं तर रोज. आग होत असेल तर आधी मॉइश्चरायझर, मग मलम. वाटाण्याचे दोन वाटाणे केल्याने मुरुम दुप्पट वेगाने जात नाहीत, त्वचा मात्र दुप्पट सोलते.

बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के पुरतं. १० टक्क्यांनी आग जास्त होते, फायदा त्या प्रमाणात वाढत नाही. उशीचे रंगीत अभ्रे आणि टॉवेल त्याने पांढरे पडतात. ट्रेटिनॉइनसोबत ते एकाच वेळी लावू नका, ट्रेटिनॉइनची ताकद जाते. एक सकाळी, एक रात्री. अडापलीनला ही अडचण नाही. सकाळी सनस्क्रीन चुकवलं तर डाग आणखी गडद होतात.

आयसोट्रेटिनॉइननंतर मुरुम परतले की खचून जाणं

आयसोट्रेटिनॉइन हे पोटात घ्यायचं औषध खोल गाठींवर जोरदार चालतं, पण हार्मोनचा रेटा कायम असेल तर मुरुम परत येऊ शकतात. तेव्हा दुसऱ्या कोर्सची घाई करण्याआधी पीसीओएस तपासला का, अँड्रोजेन रोखणारं औषध दिलं का, हे विचारा. नेहमीचा डोस दर किलो वजनामागे रोज ०.५ ते १ मिलिग्रॅम, स्निग्ध जेवणासोबत. रिकाम्या पोटी घेतलं तर शोषण बरंच कमी होतं आणि कोर्स अर्ध्या ताकदीने पार पडतो. डॉक्सिसायक्लिन सोबत अजिबात नको, मेंदूभोवतीचा दाब वाढू शकतो.

या औषधाने गर्भात गंभीर व्यंगं येतात. सुरू करण्याआधी गर्भधारणेची चाचणी, चालू असताना आणि थांबवल्यावर महिनाभर पक्कं गर्भनिरोधक, यात सवलत नाही. त्या काळात रक्तदानही करायचं नाही. आणि वॅक्सिंग करू नका, त्वचा सालासकट निघते.

चेहरा साफ झाला की सगळं एकदम बंद करणं

हार्मोनची औषधं मुरुम दाबून ठेवतात. अचानक थांबवली की काही महिन्यांत पुन्हा उठाव होऊ शकतो. निदान सहा महिने चेहरा शांत राहिल्यावर डॉक्टरांशी बोलून डोस पायरीपायरीने उतरवा, १०० वरून ७५, मग ५०, आणि प्रत्येक पायरीवर दोन-तीन पाळ्या थांबा. रात्रीचं अडापलीन सगळ्यात शेवटी सोडा.

मूल हवं असेल तर क्रम वेगळा. प्रयत्न सुरू करण्याच्या किमान महिनाभर आधी स्पायरोनोलॅक्टोन आणि आयसोट्रेटिनॉइन थांबलेलं हवं. प्रयत्न सुरू करताना अडापलीन, ट्रेटिनॉइन आणि डॉक्सिसायक्लिनही बाजूला ठेवा. त्या जागी अझेलाइक अ‍ॅसिड लावता येतं, १५ किंवा २० टक्क्यांचं, दिवसातून दोनदा. पहिले काही दिवस चुणचुणतं, पण डागांवरही चालतं. ते लगेच लागू पडत नाही, म्हणून जुनी औषधं थांबवायच्या दोन पाळ्या आधीच सुरू करा.