जुनी कॅनेडियन पॉटरी जमवायची असेल तर

नवीन माणूस भांडं हातात घेतलं की आधी उपडं करतो आणि शिक्का शोधतो. शोधावाच, पण त्याआधी बुडाची कड बघायची सवय लावून घ्या. तिथे ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा लेप) नसतं, माती उघडी असते. शिक्का पुसट असतो, कधी नसतोच, आणि कधी चक्क भलत्याच माणसाचा असतो.

भलत्याचा म्हणजे कसा? क्यूबेकची दृश्यं आणि कडेला बीव्हर हा प्राणी असलेल्या एकोणिसाव्या शतकातल्या प्लेट्स असतात. मागे एफ. टी. थॉमस, क्यूबेक असं छापलेलं. हा थॉमस विक्रेता. प्लेट्स बनल्या ग्लासगोला. दगडी बरण्यांवरही पुष्कळदा किराणा किंवा दारू विकणाऱ्याचं नाव असतं, कुंभाराचं नव्हे. म्हणून नाव वाचल्यावर पहिला प्रश्न: हा बनवणारा की विकणारा?

मातीचं गणित सोपं आहे. ऑन्टारिओ-क्यूबेकमध्ये लाल माती जागोजागी, त्यामुळे गावोगावच्या कुंभारांची जुनी भांडी लाल अंगाची. स्टोनवेअरला, म्हणजे त्या दगडी बरण्यांना, लागणारी माती मात्र तिथे नव्हती. 1849 मध्ये सुरू झालेल्या ब्रँटफर्डच्या कारखान्याने ती न्यू जर्सीहून आणवली. या बरण्या मिठाच्या ग्लेझच्या: भट्टी तापली की आत मीठ टाकायचे, आणि पृष्ठभागाला संत्र्याच्या सालीसारखी बारीक खडबड यायची. त्यावर कोबाल्टच्या निळ्या रंगात हाताने काढलेलं फूल किंवा पक्षी असेल, तर किंमत तुमच्या-माझ्या खिशाबाहेर जाते.

सुरुवात मेडाल्टा या कारखान्याच्या मालापासून करा, असं माझं सरळ मत. अल्बर्टातलं मेडिसिन हॅट हे या मालाचं गाव. जमिनीखाली नैसर्गिक वायू इतका, की 1907 मध्ये तिथे गेलेल्या किपलिंगने (हो, तोच, आपल्या मुंबईत जन्मलेला) या गावाच्या तळघरात अख्खा नरक आहे अशी गंमत केली होती. भट्ट्यांना स्वस्त जळण मिळालं, शेजारच्या सस्कॅचवनमधून चांगली माती आली. कारखाना 1954 मध्ये बंद पडला. आज त्याच जागेवर संग्रहालय आहे आणि जुन्या गोल भट्ट्यांच्या आत जाऊन उभं राहता येतं. पश्चिमेकडच्या शेतघरांत खारवलेलं मांस, लोणी, लोणची यांच्यासाठी या बरण्या लागत, म्हणून त्या अजूनही सापडतात. पोटावरचा मोठा आकडा म्हणजे गॅलन, साल नव्हे. आणि गॅलन इंपीरियल, म्हणजे साधारण साडेचार लिटरचा. शिक्क्यात ‘मेडाल्टा स्टोनवेअर’ असेल तर माल ‘मेडाल्टा पॉटरीज’ शिक्क्याच्या मालाआधीचा. हॉटेलांसाठी बनवलेल्या जाड कपबशा स्वस्तात मिळतात, आणि शिक्के शिकायला त्याच उत्तम.

ब्लू माउंटन पॉटरी मात्र तुम्ही न शोधताही समोर येईल. ऑन्टारिओतल्या कॉलिंगवूडला योझो वायडर या चेक स्थलांतरिताने ती सुरू केली, 2004 मध्ये बंद झाली. फिकट आणि गडद ग्लेझ भट्टीत एकमेकांत ओघळून झालेल्या हिरव्या धारा ही तिची खूण. पण तशाच धारांचा माल इतरांनीही काढला, त्यामुळे विक्रेत्याच्या चिठ्ठीवर विसंबू नका. हिरव्या रंगाचा माल ढिगाने आहे. त्याला जास्त पैसे मोजू नका.

एकेकट्या कलावंतांकडे वळायचं झालं, तर न्यू ब्रन्सविकचे केल्ड आणि एरिका डाइकमन आधी बघा. 1930 च्या दशकात स्वतःच्या स्टुडिओत काम सुरू करणाऱ्या पहिल्या काही कॅनेडियन कुंभारांपैकी हे जोडपं. त्यांची सही बुडात कोरलेली असते. ती भांडी विकत घेण्याआधी संग्रहालयात बघा. टोरोंटोचं गार्डिनर म्युझियम तर फक्त सिरॅमिक्ससाठीच आहे.

घेताना भांडं तळहातावर तोलून बोटाने टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर कुठेतरी तडा असू शकतो. दुरुस्ती लपवलेली असेल तर ती अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली बहुधा वेगळी चमकते. चिरलेली साधी बरणी सोडून द्या. दुर्मीळ शिक्क्याची असेल तर घासाघीस करून घ्या.

आणि आपल्या लोकांसाठी खास: जुन्या लाल भांड्यांच्या ग्लेझमध्ये बरेचदा शिसं असतं. बरणी कितीही देखणी असली तरी तिच्यात कैरीचं लोणचं घालू नका. आंबट पदार्थात शिसं उतरतं.