अपडेटने कॉम्प्युटर बिघडवला? फॉरमॅट मारायच्या आधी हे करा

अपडेट झालं आणि विंडोज चालूच होईना, नाहीतर चालू होतं पण प्रिंटर गायब, आवाज गायब, वायफाय सारखं तुटतंय. अशा वेळी लोक एकतर रिस्टार्टवर रिस्टार्ट मारत बसतात नाहीतर वैतागून फॉरमॅट करून मोकळे होतात. फॉरमॅटची घाई अजिबात नको, कारण नुकतंच आलेलं अपडेट काढून टाकता येतं आणि त्यात तुमच्या फाइल्सना धक्का लागत नाही.

विंडोज चालू होत असेल तर आधी महत्त्वाच्या फाइल्स पेनड्राइव्हवर घ्या, मग सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट आणि तिथे अपडेट हिस्टरी. यादीत प्रत्येक अपडेटपुढे तारीख असते आणि केबीने सुरू होणारा नंबर असतो, तो लिहून घ्या, पुढे लागतो. खाली अनइन्स्टॉल अपडेट्स आहे, तिथून शेवटचं काढा. आणि लगेच मागे येऊन पॉज करा, 5 आठवड्यांपर्यंत थांबवता येतं, हे विसरलात तर तेच अपडेट परत येऊन बसणार. फक्त आवाज किंवा प्रिंटरच गेला असेल तर ड्रायव्हरचा, म्हणजे ते डिव्हाइस चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, घोळ असू शकतो, डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या डिव्हाइसच्या प्रॉपर्टीजमध्ये रोल बॅक ड्रायव्हर बघा.

चालूच होत नसेल तर लोगो दिसला की पॉवर बटण दाबून धरा आणि बंद करा, असं दोन-तीनदा केलं की रिकव्हरीची स्क्रीन आपोआप येते. ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, अनइन्स्टॉल अपडेट्स. तिथे दोन पर्याय असतात, दर महिन्याचं असतं ते क्वालिटी अपडेट, आधी तेच काढा. फीचर अपडेट म्हणजे अख्खं व्हर्जन, ते मागे घ्यायला साधारण 10 दिवसच मिळतात.

इथेच बरेच जण अडकतात, कारण मध्येच बिटलॉकरची, म्हणजे डिस्क लॉक करणाऱ्या विंडोजच्या सोयीची, 48 आकडी की मागितली जाते. खूप लॅपटॉपमध्ये डिस्क लॉक झालेली असते आणि मालकाला पत्ताच नसतो! की बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते, मोबाइलवरून लॉगिन करून मिळते. पण खरं सांगायचं तर आत्ताच, सगळं नीट चालू असताना, ती कागदावर उतरवून ठेवा. जुलै 2024 मध्ये क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीच्या एका खराब अपडेटने जगभरातली सुमारे 85 लाख विंडोज मशीन्स आडवी पडली, विमानं थांबली, हॉस्पिटलं अडली, आणि उपाय काय तर सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल डिलीट करायची. पण त्यासाठी बऱ्याच ठिकाणी एकेका मशीनपुढे माणूस बसवावा लागला आणि बिटलॉकरची की हाताशी नव्हती तिथे तेही करता येईना.

मला राग याचाच येतो की अपडेट तपासायचं काम हळूहळू आपल्याच गळ्यात पडलंय. म्हणून निदान पहिल्या रांगेत उभे राहू नका. विंडोजचं मुख्य अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतं, आठवडाभर पॉज करून ठेवा, तेवढ्यात मोठा घोळ असला तर बोभाटा होतोच. प्रिव्ह्यू लिहिलेलं ऑप्शनल अपडेट घेऊच नका, आणि अपडेट्स सगळ्यात आधी मिळवायचं बटण विंडोज अपडेटमध्ये असतं ते ऑफ ठेवा. मात्र अपडेट कायमचं बंद करायचे जुगाड करू नका, सिक्युरिटीची भोकं उघडी राहतात आणि ते जास्त महागात पडतं.

आणि तक्रार नोंदवाच. कीबोर्डवरचं विंडोजचं बटण आणि एफ एकत्र दाबलं की फीडबॅक हब उघडतं, केबी नंबर टाका, नेमकं काय बंद पडलं ते लिहा. तीच तक्रार आधीच कोणी केली असेल तर तिला अपव्होट द्या. ऑक्टोबर 2018 च्या अपडेटने लोकांच्या डॉक्युमेंट्सच उडवल्या होत्या, टेस्टिंग करणाऱ्यांनी हे आधीच कळवलं होतं पण त्या तक्रारींना मतं कमी पडली म्हणून त्या तशाच खाली पडून राहिल्या, आणि अपडेट बाहेर आल्यावर मागे घ्यायची वेळ आली.