मुंबईला येताय? तिकिटाचं आधी बघा

मुंबईत प्रवास स्वस्त आहे. लोकलचं सेकंड क्लासचं तिकीट पाच रुपयांपासून सुरू होतं, पण विनातिकीट सापडलात तर भाडं वेगळं आणि दंड किमान अडीचशे. त्यामुळे घरून निघतानाच रेल्वेचं रेलवन ॲप फोनमध्ये घ्या, नोंदणी उरका आणि त्याच्या वॉलेटमध्ये थोडे पैसे टाकून ठेवा. दादरच्या गर्दीत ओटीपीची वाट बघायची पाळी येऊ नये. यातली खरी मेख वेगळीच आहे: ॲपवरचं पेपरलेस तिकीट फलाटावर उभं राहून निघत नाही. रुळांपासून थोडं लांब असतानाच ते काढावं लागतं. नाशिकहून मेलने येऊन कल्याणला उतरलात आणि पुढे लोकल धरायची असेल, तर सरळ खिडकी गाठा किंवा एटीव्हीएम, म्हणजे तिकीट देणारं मशीन. त्या मशीनजवळ बहुधा एखादे निवृत्त रेल्वे कर्मचारी तिकीट काढून द्यायला उभे असतात. त्यांच्यासाठी रोख हवी. त्याच दिवशी परतायचं असेल तर रिटर्नच मागा. पैसे वाचत नाहीत, पण संध्याकाळची रांग टळते.

तिकीट खिशात आहे म्हणून समोर आला तो डबा पकडू नका. लाल-पिवळे तिरपे पट्टे रंगवलेला डबा फर्स्ट क्लासचा. एसी लोकलचं तिकीटही वेगळं. सेकंडच्या तिकिटावर यांत चढलात तर ‘आम्ही बाहेरगावचे’ हे टीसीला रोज ऐकायला मिळतं, उपयोग शून्य. घरातल्या बायकांनाही आधीच सांगा, अर्ध्या तिकिटाची सवलत एसटीची आहे, लोकलला ती चालत नाही. पाच वर्षांखालचं मूल फुकट, पाच ते बाराचं अर्धं.

मेट्रोचं तिकीट स्वतंत्र. घाटकोपरला पुलावरून थेट मेट्रोत जाता येतं म्हणून लोकलचं तिकीट तिथे चालेल असं नाही. क्यूआर तिकीट बाहेर पडतानाही लागतं, तेव्हा कागदी असेल तर चुरगळून फेकू नका. मोबाइलवर असेल तर चार्जिंग बघा.

बेस्टसाठी सुट्टे पैसे ठेवा. मे २०२५ पासून साध्या बसचं किमान भाडं दहा रुपये, एसीचं बारा. बारा रुपयांसाठी पाचशेची नोट पुढे केलीत तर कंडक्टर काय बोलेल, ते इथे लिहीत नाही.