मृगाच्या पावसात रोपांची मान पडू नये म्हणून

खरीप टोमॅटो, मिरची आणि वांग्याच्या रोपवाटिका आता शेडनेटखाली भरू लागल्या आहेत. ढगाळ हवा, दमट वारा आणि प्रोट्रेमध्ये, म्हणजे कप्पे असलेल्या प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये, दाटीने उगवलेली कोवळी रोपं, म्हणजे मर रोगाला हवं ते सगळं एकाच जागी. संध्याकाळी तरतरीत दिसलेल्या रोपांची सकाळी मान पडलेली असते. मग दुकानात धाव घेतली जाते. पण हा रोग औषधाआधी पाण्याने आटोक्यात येतो, आणि बिघडतोही पाण्यानेच.

आधी रोग ओळखा. कोकोपीटलगतचा (ट्रेमध्ये मातीऐवजी भरलेल्या नारळाच्या भुशालगतचा) दांडा पाणचट होऊन दोऱ्यासारखा बारीक झाला असेल आणि रोप तिथेच लवून आडवं पडलं असेल, तर ती मर. रोप उपटताना मुळाची साल हातात निसटून आत नुसता दोरा राहिला, तर पिथियम या बुरशीसारख्या रोगजंतूची शक्यता जास्त. दांड्यावर तपकिरी, कोरडा, खोलगट डाग असेल तर रायझोक्टोनिया ही बुरशी. रोप मुळाशी कुरतडून तोडल्यासारखं पडलं असेल, तर ते अळीचं काम आहे. तिथे बुरशीनाशक ओतून काही होणार नाही. अनेकदा बी वर येण्याआधीच कुजतं आणि उगवण कमी झाली म्हणून दोष बियाण्याला लागतो. रिकाम्या कप्प्यातलं बी उकरून पाहा, मऊ पडून कुजलेलं सापडलं तर खरं कारण कळेल.

हा फरक औषध निवडताना कामाला येतो. मर दिसली की कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक, ही अनेकांची सवय. पिथियम शास्त्रीयदृष्ट्या खरी बुरशी नाही, तिच्यावर कार्बेन्डाझिम चालत नाही. तिचे बीजाणू पाण्यात पोहत एका कप्प्यातून दुसऱ्यात जातात, म्हणून ट्रेमध्ये मर गोल चट्ट्यांनी पसरत जाते.

आता पाण्याचं. कोकोपीट वरून लवकर वाळून फिकट दिसतं, आत मात्र ओलं असतं. रंग पाहून झारी उचलणारा इथेच फसतो. ट्रे हातात उचलून पाहा. हलका लागला तरच पाणी द्या. कोकोपीट मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पाण्याची धार लागू नये. पाणी सकाळीच द्यावं, म्हणजे दुपारपर्यंत पानं आणि वरचा थर कोरडा होतो. पावसाळी दिवशी बहुधा पाणी लागतच नाही, पण माणूस कामाला लावलेला असतो म्हणून फवारा फिरतो.

शेडनेट पाऊस अडवत नाही, उलट जाळीवर साठलेलं पाणी मोठ्या थेंबांनी खाली टपकतं. त्यामुळे ट्रेवर कमानी लावून प्लॅस्टिक टाका, बाजू मात्र उघड्या ठेवा. ट्रे जमिनीवर किंवा पाणी साठणाऱ्या कागदावर ठेवू नका. विटा-बांबूवर उचलले की खालच्या भोकातून निचरा होतो आणि हवाही मिळते. पेरणीनंतर ट्रे एकावर एक रचून झाकतात, ते ठीकच. मात्र पहिले कोंब दिसताच त्याच दिवशी उघडून पसरा. टोमॅटो मिरचीच्या आधी उगवतो, म्हणून दोन्ही एका थप्पीत ठेवू नयेत.

जुने ट्रे आधी धुऊन माती काढा, मग सोडियम हायपोक्लोराइटच्या 1 टक्का द्रावणात बुडवा आणि स्वच्छ पाण्याने खंगाळून उन्हात वाळवा. मागच्या हंगामातलं कोकोपीट पुन्हा भरणं म्हणजे रोग विकत न घेता घरीच वाढवणं. अर्धवट कुजलेलं शेणखत तर मिसळूच नका.

संकरित बियाणं बहुधा रंगवलेलं, म्हणजे आधीच प्रक्रिया केलेलं येतं. पाकिटावर वाचा आणि पुन्हा रासायनिक प्रक्रिया करू नका. साध्या बियाण्याला किलोला 4 ते 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) चोळून सावलीत सुकवावं.

चट्टा दिसला तर रोगट रोपं कोकोपीटसकट काढून वाटिकेबाहेर न्या, शेजारची निरोगी दिसणारी एक रांगही काढा. दोन दिवस पाणी आखडा. उरलेल्या ट्रेमध्ये कॉपर ऑक्सिक्लोराइड 50 टक्के 2.5 ग्रॅम प्रति लिटर पाण्यात मिसळून आळवणी करता येते, म्हणजे द्रावण मुळाशी ओतता येतं, किंवा कॅप्टन 75 टक्के त्याच प्रमाणात. पिथियमचीच खात्री असेल तर मेटॅलॅक्सिलयुक्त औषध जास्त उपयोगी. डबीवरचं पीक आणि मात्रा तपासूनच घ्या. आळवणी वाफसा असताना करावी, आधीच चिंब ट्रेवर नाही. ताम्रयुक्त औषधाने ट्रायकोडर्माही मरतो, म्हणून दोन्ही एकत्र कधीच देऊ नका. आधी रसायन दिलं असेल तर ट्रायकोडर्मा आठवड्याभराने द्या.

मर येऊन गेलेल्या ट्रेमधली वाचलेली रोपं लावायची वेळ आली की मुळं बघून निवडा. पांढरी, भरगच्च मुळं असलेलीच शेतात न्या. मुळांची टोकं तपकिरी असतील तर ते रोप उभं असलं तरी टाकून द्या.